ज्येष्ठांसाठी सोलापुरी चित्रपटांचा महोत्सव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बनलेले छोटे चित्रपट इथल्या ज्येष्ठांना एकत्र बसून, निवांतपणे पाहता यावेत, यासाठी पेठांमधील काही रहिवाशांनी मिळून हा महोत्सव सुरू केला आहे. नोंदणीच्या वेळी, फोनवर आणि सभागृहाच्या दारात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. त्यांतले काही प्रश्न ज्येष्ठांचे आहेत, काही त्यांच्या मुला-सुनांचे आणि काही चित्रपट पाठवणाऱ्या तरुणांचे.

वयाची अट काय आहे? दाखला आणावा लागेल का?

वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी हा महोत्सव आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातही हीच मर्यादा आहे. दाखला मात्र आम्ही मागत नाही. गिरणीत, मागावर किंवा बिड्या वळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदोपत्री जन्मतारखेच्या जागी शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच तारीख असते. आपण साठीच्या पुढचे आहात हे आपण सांगितले, की ते आम्हाला पुरेसे आहे.

‘स्थानिक चित्रपट’ कशाला म्हणायचे?

जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी कुठेही चित्रित झालेला आणि इथे राहणाऱ्या किंवा इथून गेलेल्या माणसांनी केलेला चित्रपट आम्ही स्थानिक मानतो. त्याची भाषा मराठी असलीच पाहिजे, असा आग्रह नाही. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे जाऊ तसतशी कन्नड वाढत जाते, आणि शहरात दख्खनी उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एकाच वाक्यात तीन भाषांचे शब्द येणारे बोलणे इथल्या माणसाला नवे नाही, म्हणून ते पडद्यावर आले तर ते ‘शुद्ध’ करून आणा, असे आम्ही कोणत्याही दिग्दर्शकाला सांगत नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या कामामुळे या भागातील बोली मोठ्या पडद्यावर साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. आमच्याकडे येणारे चित्रपट बहुतेक मोबाइलवर चित्रित केलेले आणि अगदी कमी खर्चात झालेले असतात, पण आपले बोलणे पडद्यावर ऐकण्याचा आनंद त्यांतही तेवढाच असतो.

ज्येष्ठांसाठी म्हणजे सगळे चित्रपट भक्तिपर किंवा जुन्या आठवणींचेच असणार का?

नाही. हा गैरसमज आम्हाला मनापासून दूर करायचा आहे. सत्तरीच्या माणसाला फक्त देव आणि गतकाळ हवा असतो, असे समजणे हा त्या माणसाचा अपमान आहे. पेन्शनसाठीचे हेलपाटे, पुण्याला गेलेल्या मुलाचा रोज रात्रीचा व्हिडिओ कॉल, दोन म्हाताऱ्या जावांमधील अबोला, साठीनंतर पुन्हा लग्न करू पाहणारा माणूस, चार दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याभोवती फिरणारे घर, अशा आजच्या विषयांवरचे चित्रपट आम्ही आवर्जून मागवतो. हसवणारे चित्रपट तर हवेच आहेत, कारण ते फार कमी येतात.

खेळ दुपारी का ठेवता? आणि उन्हाळ्यात का नाही?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात सत्तरीच्या माणसाला घराबाहेर बोलावणे धोक्याचे आहे, म्हणून ते दोन महिने आम्ही पूर्णपणे टाळतो. संध्याकाळी उशिरा खेळ ठेवला, तर परतीच्या वेळी अंधार पडलेला असतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार त्रास देतात. म्हणून पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दुपारी तीनला सुरू करून दिवेलागणीच्या आत सगळे घरी पोहोचतील, अशी वेळ आम्ही ठरवली आहे. रमजानच्या महिन्यात खेळ आणखी लवकर संपवतो.

तारखा ठरवताना शहराचे आपले कॅलेंडर पाहावे लागते. संक्रांतीच्या आगेमागे गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची जत्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक असते, आणि १२ जानेवारीला इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. त्या आठवड्यात कोणाला खुर्चीत बसवून ठेवण्यात अर्थ नाही. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला पूर्व भाग रस्त्यावर असतो, आणि कोजागरीला शहरातून तुळजापूरकडे पायी निघणाऱ्यांची रीघ लागते. १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन मात्र आम्हाला सोयीचा वाटतो आणि शक्य असेल तेव्हा सुरुवात त्याच दिवशी करतो.

मला आवाज येतो, पण बोललेले समजत नाही. माझा उपयोग काय तिथे येऊन?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याची तयारी आम्ही सर्वांत जास्त करतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत येतात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. सोलापुरात याला आणखी एक कारण जोडले जाते. यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षे काम केलेल्या माणसाचे कान त्या आवाजानेच खराब झालेले असतात, आणि असे नुकसान साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त होते, म्हणजे नेमके बोलणे स्पष्ट करणाऱ्या पट्टीतच. अशा कानाला आवाज नुसता मोठा करून दिला तर शब्द कळत नाहीतच, उलट तो आवाज टोचतो.

म्हणून आम्ही आवाज वाढवण्याऐवजी स्वच्छ करण्यावर भर देतो. दिग्दर्शकांकडून संवादाखालचे पार्श्वसंगीत कमी केलेली प्रत मागवतो. स्पीकर छताजवळ न टांगता पुढच्या रांगांच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवतो. ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी आवाज कमी-जास्त करता येणारे हेडफोनही ठेवलेले असतात.

एक गोष्ट आम्ही योगायोगाने शिकलो. पहिल्या खेळाच्या सभागृहाच्या भिंती कोऱ्या आणि गुळगुळीत होत्या, प्रत्येक शब्दाचा घुमारा उठत होता आणि दहा मिनिटांतच लोक कंटाळून आपापसांत बोलू लागले. एका निवृत्त विणकर अण्णांनी घरून सोलापुरी चादरींचा गठ्ठा आणवला आणि त्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोरीने टांगायला लावल्या. घुमारा एकदम उतरला. जाड, खडबडीत कापड आवाज शोषून घेते हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक असायला हवे होते, पण ते त्यांना कापडाच्या गोदामात वावरून ठाऊक होते. आता प्रत्येक खेळाच्या आधी चादरी टांगणे हे आमचे पहिले काम असते.

मला वाचता येत नाही. खालच्या ओळी कशा कळणार?

ज्या चित्रपटांत दुसरी भाषा आहे, त्यांना मराठी उपशीर्षके असतात. ती मोठ्या अक्षरांत, काळ्या पट्टीवर पांढरी, एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नाहीत आणि सावकाश वाचता येतील एवढा वेळ पडद्यावर राहणारी असतात. पण आमच्या प्रेक्षकांत तेलुगू किंवा कन्नड लिपी वाचणारे आहेत आणि कोणतीच लिपी न वाचणारेही आहेत. त्यांच्यासाठी सभागृहाच्या एका बाजूला ‘सांगणाऱ्यां’ची रांग असते. तिथे दर चार-पाच जणांमागे एक स्वयंसेवक बसून हळू आवाजात त्यांच्या भाषेत गोष्ट सांगत जातो. ज्यांना शांतता हवी, त्यांनी दुसऱ्या बाजूला बसावे. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसते, त्यांनीही याच रांगेत बसावे. तिथे संवादांबरोबर पडद्यावर काय घडते आहे तेही सांगितले जाते.

अंधारात चालायची भीती वाटते. जिने आहेत का?

आता नाहीत. एका खेळाच्या वेळी आम्हाला वरच्या मजल्यावरचे सभागृह मिळाले होते, त्याची लिफ्ट ऐन वेळी बंद पडली, आणि अकरा जणांना खुर्चीत बसवून उचलून वर न्यावे लागले. कोणीही तक्रार केली नाही, पण एक आजी खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या, तो चेहरा आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून तळमजला नसेल तर खेळ नाही, असा नियम केला आहे. उताराचा रस्ताही नीट मोजून घेतो. एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार हवा, त्याहून तीव्र उतारावर चाकाची खुर्ची ढकलणे अवघड आणि उतरवणे त्याहून धोक्याचे असते.

सभागृहात पूर्ण काळोख करत नाही. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, शिवाय उजेडातून अंधारात आल्यावर दिसू लागायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून बाजूच्या वाटांवर जमिनीलगत मंद दिवे सुरू ठेवतो, खेळ सुरू होण्याआधी दिवे हळूहळू कमी करतो आणि संपल्यावर हळूहळूच वाढवतो.

बाहेरगावाहून कसे यावे?

राज्य परिवहनच्या एसटी गाड्यांत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यभर मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि महिलांना सरसकट निम्मे भाडे आहे. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून येणाऱ्यांनी याचा लाभ घ्यावा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा. स्थानकापासून सभागृहापर्यंत रिक्षा आम्ही पाठवतो, त्यासाठी आदल्या दिवशी कळवणे पुरेसे आहे.

मधुमेह आहे, वारंवार उठावे लागते. चालेल ना?

चालेल, आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याची गरज नाही. कोणताही चित्रपट तीस मिनिटांपेक्षा मोठा नसतो आणि दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी सुट्टी होते. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, उंच भांड्याचे आणि धरायला दांडी असलेले आहे याची खात्री करूनच आम्ही जागा ठरवतो. सुट्टीत बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत असतो. खायला कडक भाकरीचा चुरा, दही आणि शेंगाचटणी असते, ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी मऊ उपमा असतो. आपली औषधे मात्र आपण बरोबर आणावीत.

चित्रपट वीस मिनिटांचा आणि त्यानंतरची चर्चा चाळीस मिनिटांची, हे उलटे नाही का?

आमच्या मते हेच प्रमाण बरोबर आहे, आणि या महोत्सवाचे खरे काम त्या चाळीस मिनिटांतच होते.

बिडी कामगार महिलांवरील एक छोटा चित्रपट दाखवला, तेव्हाचा प्रसंग सांगतो. तरुण अभिनेत्री मांडीवर सूप घेऊन बसली होती, चेहऱ्यावर दुःख होते, हात भराभर चालत होते, आणि आम्हाला सगळे अगदी खरे वाटले होते. दिवे लागल्यावर दुसऱ्या रांगेतील एक अम्मा उठल्या आणि म्हणाल्या, “पान कोरडं आहे. कोरडं पान वळताना फुटतं.” मग त्यांनी दारातला एक छापील कागद मागवला, कात्रीने पानाच्या मापाचा तुकडा कापला, त्यात चिमूटभर शेंगाचटणी पसरली, तळहातावर एका वळणात गुंडाळी केली, नखाने तोंड आत दुमडले आणि पदराचा दोरा काढून बांधली. हे सगळे त्यांनी बोलता बोलता केले, हातांकडे एकदाही पाहिले नाही. दिग्दर्शक मुलगा त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला. त्याने ते दृश्य नंतर पुन्हा चित्रित केले, आणि त्यात दिसणारे हात आता त्या अम्मांचे आहेत.

दुसरा प्रसंग गिरणीचा. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, नंतरच्या लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या, यांच्या भोंग्यांवर या शहराचे घड्याळ चालत होते. एका चित्रपटात तो भोंगा म्हणून भलताच आवाज वापरला होता. चित्रपट संपायच्या आतच मागून आवाज आला, “हा आगीच्या बंबाचा आहे, गिरणीचा नाही.” त्यानंतर पाळीआधी किती भोंगे होत आणि शेवटच्या भोंग्यानंतर फाटक लगेच बंद होई की थोडी सवलत मिळे, यावर दोन निवृत्त कामगारांचा असा वाद रंगला की त्यातून कामावर उशिरा पोहोचणे, कापला जाणारा पगार, डबा घेऊन मागे धावणारी बायको, असे सगळे जीवन उलगडत गेले. ते कोणत्याही चित्रपटात आले नव्हते. आता चर्चा ध्वनिमुद्रित करून ठेवतो, अर्थात बोलणाऱ्याची संमती घेऊनच.

मे १९३० मध्ये सोलापुरात काही दिवस इंग्रजांची सत्ता उरली नव्हती आणि १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला, हे पुस्तकांत आहे. पण दाराला आतून कडी लावून घरात बसलेल्या आईने त्या दिवसांविषयी मुलांना काय सांगितले, ते त्या मुलांनाच ठाऊक आहे, आणि ती मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना सावकाश बोलू देण्यासाठी वेळ हवा, म्हणून चर्चा लांब ठेवली आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या आईला आणावे का?

अवश्य आणा, पण जवळच्या माणसाने शेजारी बसावे. त्यांना दाराजवळची जागा देतो, म्हणजे अस्वस्थ वाटल्यास कोणालाही न ओलांडता बाहेर पडता येते. त्या मध्येच बोलल्या किंवा उठल्या तर कोणी वळून पाहू नये, अशी विनंती आम्ही प्रत्येक खेळाआधी करतो आणि लोक ती पाळतात. गोष्ट लक्षात राहिली नाही तरी एखादे गाणे, एखादे ठिकाण ओळखीचे वाटून चेहरा खुलतो. कोणते चित्रपट गडबडीचे किंवा मोठ्या आवाजाचे आहेत, ते आधी फोनवर विचारून घ्यावे.

चित्रपट पाठवायचा आहे. तांत्रिक अपेक्षा काय आहेत?

लांबी तीस मिनिटांपर्यंत, चित्र आडवे आणि संवाद स्पष्ट, एवढ्याच मुख्य अपेक्षा आहेत. मोबाइलवर चित्रित करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. अनेक फोन चित्रांचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे संकलनानंतर ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटत जातो. सुरुवातीलाच वेग स्थिर ठेवावा. आवाज फोनच्या माइकवर न घेता कॉलरला लावायच्या साध्या माइकवर घ्यावा. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी आवाजावर करा, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण अंधूक चित्र आमचे प्रेक्षक समजून घेतात, पण न कळलेले वाक्य त्यांना गोष्टीतून बाहेर टाकते. उघड-मिट करणारे प्रखर दिवे आणि सतत हलणारा कॅमेरा टाळावा, त्याने चक्कर येते.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते का? जुने गाणे वापरले तर?

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवाला त्यातून सूट मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणून चित्रपट, त्याचा सारांश आणि श्रेयनामावली वेळेत पाठवावी. उशिरा आलेला चित्रपट कितीही चांगला असला तरी आम्ही दाखवू शकत नाही.

गाण्यांबाबत फार गैरसमज आहे. गाणे जुने आहे म्हणून ते मोकळे होत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, आणि शब्द व चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यापेक्षा आपल्या आजीकडून जात्यावरची ओवी गाऊन घ्यावी. ती कोणाच्या मालकीची नाही आणि आमच्या सभागृहात तिला नेहमीच जास्त दाद मिळते.

ज्या व्यक्ती चित्रपटात दिसतात, त्यांची लेखी संमती जोडावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण कागदावर काय लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवलेले असावे.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी चित्रपट करायला शिकता येईल का?

येईल. दर महोत्सवाआधी चार दुपारी शिकवणी होते. पहिल्या दुपारी फक्त फोन न हलवता धरायला आणि एका माणसाला तीन मिनिटे मध्ये न बोलता ऐकायला शिकवतो. हात थरथरत असेल तर फोन उशीवर टेकवावा. सर्वांत सुंदर काम बहुतेक वेळा घरातच होते. एका आजोबांनी शेजारच्या मागवाल्याचे कांडीवर सूत भरण्यापासून आडवा धागा नेणारा धोटा थांबेपर्यंतचे काम, एक शब्दही न घालता, सहा मिनिटांत टिपले होते.

तिकीट, स्पर्धा, बक्षिसे?

तिकीट नाही. स्पर्धाही नाही. प्रत्येक दिग्दर्शकाला एक सोलापुरी टॉवेल आणि प्रेक्षकांनी लिहिलेले किंवा सांगून लिहून घेतलेले अभिप्राय दिले जातात.

नातवंडांना आणू का?

आणा. त्यांना खुर्च्या मात्र ज्येष्ठ बसल्यानंतर मिळतील.

घरी लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आणि फोटो आहेत. त्यांचे काय करावे?

टाकून देऊ नका. व्हीएचएस कॅसेटमधील चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते आणि तिला दमट हवेत बुरशी लागते. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये, फीत तुटते आणि यंत्रही बिघडते. कॅसेट उभी, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी आणि आमच्याकडे आणावी. आम्ही तिची डिजिटल प्रत करून मूळ कॅसेटसह परत देतो. नव्वदच्या दशकातील त्या वरातींच्या मागे आता पाडलेल्या चाळी, बंद पडलेली चित्रपटगृहे आणि जुन्या पाट्या सहज दिसून जातात. चित्रपटाची खरी रीळ सापडली, तर तिला हात न लावता आधी कळवा. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि अशा रिळांची निगा तेथील जाणकारांच्या सल्ल्यानेच घेतलेली बरी.

माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यासाठी काही आहे का?

त्यांच्यासाठी आम्ही घरी येतो. हातात मावणारा छोटा प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि एक स्पीकर एवढेच बरोबर असते. भिंत पांढरी असेल तर चादरही लागत नाही. झोपलेल्या माणसाला मान न वळवता दिसावे म्हणून चित्र कधी कधी छतावरही टाकतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार महिलांच्या घरांसमोर, अंगणात खाटा आणून, असेच खेळ करतो. तिथे शेजारीपाजारीही येऊन बसतात. घरच्या खेळासाठी दोन दिवस आधी कळवावे, आणि वडिलांची झोपेची व औषधाची वेळ तसेच कोणत्या बाजूच्या कानाने त्यांना जास्त ऐकू येते, हे न विसरता सांगावे. स्पीकर त्याच बाजूला ठेवायचा असतो.